काळा कडा फोटोत काळाच येतो! गौताळ्यातल्या लाव्हाचे फोटो कसे काढावेत?

खडूफळा | 4 जानेवारी, रात्री 9:50

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं गौताळ्याला जाऊन आलो. भाऊ, वहिनी, वहिनीची मैत्रीण आणि मी. पहिल्या दिवशी हिवरखेड्याच्या नाक्यावर नोंद करून अभयारण्यात पायपीट, दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी. चालणं मस्त झालं, डबे मस्त झाले, वहिनीच्या ठेच्यानं दोघांना उचक्या लागल्या. फोटोंचा मात्र बट्ट्याबोळ.

मी निव्वळ हौसेनं गेले नव्हते. मी कन्नड तालुक्यात भूगोल शिकवते. "दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांपासून बनले आहे" हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरं दरवर्षी उतरवून घेतात. यंदा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, मग ज्वालामुखीचा डोंगर कुठंय?" मी म्हटलं, तू बसलायस त्याच्याखाली सगळा लाव्हाच आहे. तो खाली फरशीकडं बघायला लागला. वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर काही मिळालं नव्हतं त्याला.

म्हणून ठरवलं, एक फोटो असा काढायचा की भिंतीवर लावला की दिसावं: हा लाव्हा, याच्यावर हा दुसरा, त्याच्यावर हा तिसरा.

212 फोटो काढले. कडा म्हणजे नुसता डांबराचा डाग आणि वर पांढरं फटक आकाश. आकाश सांभाळलं की कडा गायब. कडा उजळवला की तो राखाडी, मेलेला, सिमेंटची भिंत वाटावी असा. थर वगैरे काही नाही. डोळ्यांना तर दिसत होते! कॅमेरा भावाचा जुना डीएसएलआर, 18-55 ची लेन्स, शिवाय माझा फोन. काय चुकतंय?

---

स्टुडिओकाका | 4 जानेवारी, रात्री 10:35

ताई, जालन्यात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळं काळ्या सुटातल्या नवरदेवांचा अनुभव दांडगा आहे. तुमचा कडा आणि तो नवरदेव, दुखणं एकच.

कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोर जे येईल ते मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून तो उजेड ठरवतो. चौकट काळ्या दगडानं भरली की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो. म्हणून तुमची सिमेंटची भिंत. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, मुद्दाम उणे करायचं, दोनतृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा). याउलट चौकटीत अर्धं आकाश असलं की कॅमेरा आकाशाला घाबरून सगळंच अंधारात ढकलतो. तो तुमचा डांबराचा डाग.

फोनमध्ये दगडावर बोट ठेवून दाबा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. आणि ते एचडीआर, म्हणजे उजळ-काळोख आपोआप सारखा करणारी सोय, बंद करा. एचडीआर काळ्याला काळं राहूच देत नाही.

आकाश चौकटीतून काढूनच टाका. तुम्हाला थर दाखवायचेत ना? मग ढगांचं काय काम?

---

विहीरवाला | 4 जानेवारी, रात्री 11:10

गेवराईकडचा हाय मी. आमचे बाबा विहिरी खांदायचे, आता माझी बोअरची गाडी हाय. बाई, तुमी थर बघाया गौताळ्याला कशाला गेलाव? कुठल्याबी विहिरीत डोकावा की. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा दगड, मग गेरू, परत मांजऱ्या, परत काळा. बाबा तर सुरुंगाच्या आवाजावरनं सांगायचे खाली काय लागलं ते.

---

खडूफळा | 5 जानेवारी, सकाळी 7:15

काका, नवरदेवाचं उदाहरण वर्गात वापरणार, परवानगी धरून चालते!

@विहीरवाला दादा, मांजऱ्या म्हणजे नेमकं काय? आणि गेरू म्हणजे आपण अंगणाला लावतो तोच?

---

विहीरवाला | 5 जानेवारी, दुपारी 1:40

मांजऱ्या म्हंजी भोकाभोकाचा दगड. भोकात पांढरी गारगोटी भरल्याली असती. पहारीला बरा, लवकर फुटतो. काळा दगड मातर पहारीचं तोंड मोडतो. गेरू तांबडा, मऊ, कवा वीतभर तर कवा दोन पुरूस. बोअरात गेरू लागला की पावडर लाल येती आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण गेरू ढासळतो आणि रॉड अडकतो. एक डाव अडकल्याला रॉड काढाया तीन दिवस गेले. शेतकरी म्हनला पैसे देत न्हाई, मी म्हनलं मग भोक तुमचं आणि रॉडबी तुमचाच.

---

भूगर्भी | 5 जानेवारी, रात्री 8:20

@विहीरवाला यांनी तीन ओळींत जे सांगितलं त्यासाठी मी परभणीत एक अख्खं सत्र घेतो. फक्त पुस्तकी नावं जोडतो.

लाव्हाचा लोंढा पसरतो आणि थिजू लागतो तेव्हा आतले वायू बुडबुड्यांसारखे वर येतात. वरची बाजू आधी थिजते, बुडबुडे तिथंच अडकतात. तो तुमचा मांजऱ्या. भोकांमधली गारगोटी पुढं लाखो वर्षांत पाण्यातून साचलेली. त्यात झिओलाईट असतात, स्टिल्बाईट, ह्यूलँडाईट वगैरे. आपल्या आणि जळगाव भागातल्या झिओलाईटना जगभरच्या संग्राहकांकडून मागणी आहे. लोंढ्याचा मधला भाग सावकाश थंड होतो, तिथं बुडबुडे कमी, दगड घट्ट. तो काळा दगड. मग दुसरा लोंढा येईपर्यंत मध्ये काळ जातो. पहिल्याचा पृष्ठभाग कुजतो, माती होते, राख पडते. त्यावर नवा तप्त लोंढा आला की ती माती भाजून निघते, विटेसारखी. तो गेरू. म्हणजे गेरूची रेघ ही दोन लोंढ्यांमधली सुट्टी आहे.

कड्यावर हेच उभं मांडलेलं दिसतं. घट्ट दगड सरळ तुटतो, त्याचा कडा होतो. मांजऱ्या आणि गेरू झिजतात, त्यांचा उतार होतो, त्यावर गवत उगवतं. कडा, उतार, कडा, उतार. सातमाळ्याच्या रांगेला पायऱ्या दिसतात त्या यामुळं. दख्खनच्या या लाव्हाथरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. शंकूसारखा डोंगर शोधू नका. इथला बहुतेक लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि पाण्यासारखा पसरला. झीज होऊन आज जे उरलंय तेच साधारण 5 लाख चौरस किलोमीटर आहे. मागच्या बाकावरच्याला सांगा, प्रश्न चांगला होता.

---

अर्धा_ट्रेकर | 5 जानेवारी, रात्री 9:05

एवढी पायपीट कशाला? ज्वालामुखीचं तोंडच दाखवायचं तर लोणारला जा ना. अख्खं विवर आहे गोल. वरून एक फोटो, काम तमाम.

---

भूगर्भी | 5 जानेवारी, रात्री 9:30

लोणार हे ज्वालामुखीचं तोंड नाही. तिथं उल्का आदळली. खडक लाव्हाचा, खड्डा आकाशातून आलेल्या पाहुण्याचा. म्हणून तर जगभरचे शास्त्रज्ञ तिथं येतात, बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडात, झालेली इतकी चांगली टिकलेली उल्काविवरं फार थोडी आहेत. ताईंनी तो फोटो ज्वालामुखी म्हणून भिंतीवर लावला तर मागचा बाक दहावीत गेल्यावर परत येऊन भांडेल.

---

वऱ्हाडी_ठेचा | 5 जानेवारी, रात्री 9:42

आणि लोणार बुलडाण्यात येते भाऊ, विदर्भात. धागा मराठवाड्याचा चालू आहे न? आमच्या लोणारले हात लावू नका. 2020 मधी पाणी गुलाबी झालं तवा बरे सगळे 'आपलं लोणार' म्हणून फोटो टाकत होते!

---

खडूफळा | 19 जानेवारी, रात्री 8:00

गेल्या रविवारी एकटीच परत गेले, काकांचा सल्ला घेऊन. आकाश काढून टाकलं, एक्स्पोजर उणे एक. सुधारणा आहे. दगड आता दगडासारखा काळा दिसतो. पण थर अजूनही येत नाहीत. सगळा कडा सावलीत, सपाट, निळसर. सकाळी 8 ला होते, दुपारी 12 ला होते, 4 ला होते. प्रत्येक वेळी सावलीच! सूर्याला या कड्याशी काय वैर आहे कळेना.

---

चाळीसगावकर | 19 जानेवारी, रात्री 8:25

बाई, वैर नाही, दिशा चुकलीय. तो कडा उत्तरेला तोंड करून उभा आहे.

तुमचं पठार गोदावरीकडं हळूहळू उतरतं, त्या बाजूनं डोंगर असा जाणवतच नाही. आणि आमच्याकडं, गिरणेच्या खोऱ्यात, एकदम तुटतं. औट्रम घाट उतरताना पोटात येतो तो खड्डा हाच. म्हणजे तुम्ही मराठवाड्याच्या माथ्यावर उभं राहून स्वतःच्याच छपराच्या वळचणीचा फोटो काढताय. खाली उतरा! पाटणादेवीला या. चंडिकादेवीच्या देवळाच्या परिसरातून सगळी भिंत समोर दिसते. थोडक्यात, मराठवाड्याचा कडा बघायचा तर खान्देशात यावं लागतं. शेवभाजी आमच्याकडून.

---

स्टुडिओकाका | 19 जानेवारी, रात्री 9:50

चाळीसगावकर, मानलं बुवा. मी इतका वेळ बटणं शिकवत बसलो आणि सूर्य विसरलो.

आत्ता जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला. उत्तरेकडं तोंड असलेल्या भिंतीवर ऊन पडणारच नाही, सकाळी नाही, दुपारी नाही. 21 मार्चनंतर तो पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो. मे-जूनमध्ये तर चांगला ईशान्येकडं सरकतो. तेव्हा सकाळचं ऊन त्या भिंतीला समोरून लागणार नाही, घासून जाईल. फोटोत खडबडीतपणा दिसायला असंच घासणारं ऊन लागतं. प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या शेजारीच पडते. समोरून फ्लॅश मारला की नवरीचे दागिने चपटे दिसतात आणि बाजूनं दिवा लावला की नक्षी उठते, तसंच हे.

म्हणजे ताई, तुमची वेळ मे महिना. शाळेला सुट्टी, पानगळ झालेली, गवत वाळलेलं, सगळा सांगाडा उघडा. घाम गाळायची तयारी ठेवा. आणि 18-55 घेऊन जाऊ नका. त्या लेन्सनं लांबचा कडा बुटका होतो. कुणाकडून 70-300, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, मिळवा.

---

देगलूरकर | 20 जानेवारी, सकाळी 10:12

सगळा मराठवाडा लाव्हा, लाव्हा करायलाव, आमच्याकडं बी बघा की. देगलूर-बिलोलीकडं आलाव की लाव्हा संपतो आणि ग्रॅनाईट लागतो. गोलगोल धोंडे एकावर एक ठेवल्यावानी. आम्ही लहानपणी त्यावरून घसरगुंडी खेळायचो. चड्ड्यांचं बिल वडलांनी भरलं.

---

भूगर्भी | 20 जानेवारी, दुपारी 2:30

@देगलूरकर, बरोबर, लाव्हाच्या चादरीची किनार तुमच्या तालुक्यांत आहे. तुमचा ग्रॅनाईट त्या चादरीखाली पश्चिमेकडंही आहेच. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल भोक पाडलं. त्यात बेसाल्ट 338 मीटरला संपला. खाली थोडा जुना गाळ, आणि त्याखाली जुना कठीण पायाखडक. पश्चिमेला सह्याद्रीत हीच चादर कित्येक पट जाड आहे.

---

विहीरवाला | 20 जानेवारी, दुपारी 3:05

617 मीटर! आमी 300 फुटाला पाणी न्हाई लागलं तर पाणाड्याला शिव्या देतो.

---

उडती_तबकडी | 2 फेब्रुवारी, रात्री 11:20

ड्रोन उडवा, दोन मिनिटांत भिंत समोर. मे महिन्याची वाट कशाला बघायची?

---

चाळीसगावकर | 3 फेब्रुवारी, सकाळी 6:50

अभयारण्य आहे ते, 1986 पासून. वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर ड्रोन जप्त, वर गुन्हा. आणि खरं सांगू का, त्या कड्यांच्या कपारींत घुबडं, गिधाडं, ससाणे असतात. त्यांच्या दारात भोंगा कशाला वाजवायचा? बिबटे, अस्वलंही आहेत. 2021 मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ चालत आला आणि ट्रॅप कॅमेऱ्यात सापडला. ट्रॅप दगडावर ट्रॅप कॅमेरा. (हसू नका, हा विनोद मी तीन वर्षं जपून ठेवलाय.)

---

रानवाटसरू | 3 फेब्रुवारी, रात्री 10:00

कड्याखाली जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, गमतीची नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण एका लेण्यावर होतो (गाव सांगत नाही). कड्याच्या कपाळाखाली आग्या मोहोळांची रांग लटकत होती. सगळ्यांनी पाहिली होती, "वा, काय फोटो" म्हणून काढलीही होती. आमच्यातल्या एकानं जरा बाजूला जाऊन बिडी पेटवली. बस. पहिली माशी चावली ती मला कानामागं, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात आवाज असा झाला की जणू वरून ट्रॅक्टर येतोय. पळायला वाट एकच, दगडी पायऱ्यांची. एकाचा पाय मुरगळला. मी कॅमेऱ्याची बॅग डोक्यावर धरून पळालो, बॅग उघडी होती, लेन्स पायऱ्यांवरून टणटण उड्या मारत खाली गेली. तिघांना दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. मला मोजून एकोणीस काटे.

काळ्या कड्यांच्या कपारी हे त्यांचं घरच आहे. आधी वर बघा. मोहोळ असेल तर धूर नाही, अत्तर-डिओ नाही, फ्लॅश नाही, आरडाओरडा नाही, दगड तर नाहीच नाही. चावलीच तर हात झटकत उभे राहू नका, तोंड-डोळे झाकून लांब निघा. लांबची लेन्स वापरायचं हेही एक कारण.

---

खडूफळा | 3 फेब्रुवारी, रात्री 10:40

बाप रे. पितळखोऱ्याला वर बघितलंच नव्हतं मी. हत्तींची ती कोरलेली रांग बघण्यात गुंग होते.

---

जुनापुराणा | 9 फेब्रुवारी, रात्री 9:15

फोटोंवरून आठवलं. काळ्या दगडाशी झटणारे तुम्ही पहिले नव्हेत. मेजर रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं तिथंच राहिला. त्याची बहुतेक तैलचित्रं 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. पण त्यानं फोटोही काढले होते, जोडफोटो, म्हणजे डाव्या डोळ्याचा एक आणि उजव्याचा एक. दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितले की लेण्यांना खोली येते. 1864 मध्ये ते पुस्तकात छापूनही आले. त्याची कबर भुसावळला आहे.

ताई, तुम्हीही हे करून बघा. एक फोटो काढा, बाजूला सरका, तोच फोटो परत काढा. लेण्यातला खांब असेल तर वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर टाकलं तरी पुरतं. लांबचा कडा असेल तर चांगली दहा-वीस पावलं चाला. पोरांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून डोळे तिरळे करून बघायला लावा. अर्ध्यांना जमेल, अर्ध्यांचं डोकं दुखेल, सगळ्यांना मजा येईल.

---

खडूफळा | 27 मे, रात्री 10:30

आले जाऊन. आता सविस्तर लिहिते, चार महिने तुम्ही सगळ्यांनी डोकं चालवलंय.

लेन्स वहिनीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याची, 70-300. देताना त्यानं अशी दिली की जणू मुलगी सासरी पाठवतोय. 24 तारखेला चाळीसगावला मुक्काम केला. चाळीसगावकरांनी शेवभाजीचा शब्द पाळला (तिखट इतकी की सेटिंग्ज विसरले असते). पहाटे साडेचारला निघालो. अभयारण्यात इतक्या लवकर सोडत नाहीत, म्हणून आम्ही आत गेलोच नाही. नाक्याच्या अलीकडं एका ओळखीच्या शेताचा बांध आहे, तिथं तिपाई लावली. समोर सगळी भिंत, पण नुसती गडद पट्टी. मनात म्हटलं, परत डांबर.

पावणेसहाच्या पुढं सूर्य वर आला, आमच्या डाव्या खांद्याच्या मागून. पहिली पाच मिनिटं काहीच नाही, मग सगळ्यात वरची कड तांबूस झाली. आणि मग ऊन त्या भिंतीवरून खाली उतरायला लागलं. एक पायरी. तिच्याखाली सावलीची रेघ. दुसरी पायरी. मी बटण दाबायचंच विसरले होते. चाळीसगावकर ओरडले, "बाई, काढा ना!"

काळे कडे उभे, मधले उतार वाळलेल्या गवतानं पिवळे. म्हणजे पिवळा, काळा, पिवळा, काळा, इरकलीच्या काठासारखे पट्टे. आणि एका जागी, डावीकडच्या घळीत, जिथं दरड कोसळून दगड ताजा उघडा पडलाय, तिथं दोन काळ्यांच्या मध्ये एक तांबडी रेघ. गेरू! लेन्स 300 वर नेली तेव्हा ती स्पष्ट दिसली. @विहीरवाला दादा, तुमची आठवण काढली तिथं.

सेटिंग: तिपाई, आयएसओ 100, एफ 8, मॅन्युअल. एकदा ठरवल्यावर दर दहा मिनिटांनी उजेडाप्रमाणं शटर बदललं, बाकी काही नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढले. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) उन्हाचा ठेवला, ऑटोवर तो तांबूसपणा खाऊन टाकतो. अर्ध्या कड्याचे सात उभे फोटो एकावर एक थोडे चढतील असे घेतले आणि घरी जोडले. साडेआठनंतर जमिनीच्या वाफा सुटल्या आणि लांबचं सगळं हलायला लागलं, मग आवरलं. ऊन पुढंही भिंतीवर होतं, पण हवाच साथ देईना.

नंतर रीतसर नोंद करून आत गेलो, देवीचं दर्शन घेतलं. तिथला धवलतीर्थ धबधबा कोरडा ठणठणीत. पावसाळ्यात धबधब्याच्या फोटोंना मान असतो, पण मला कोरडाच हवा होता. ओल्या दगडावर चकाकी येते आणि थर झाकतात.

मी पायऱ्या मोजल्या, सात. म्हणजे सात उद्रेक ना, भूगर्भी सर?

---

भूगर्भी | 28 मे, सकाळी 9:00

फोटो अप्रतिम. तांबडी रेघ तर मी वर्गात दाखवणार, परवानगी धरून चालतो!

पण सात पायऱ्या म्हणजे सात उद्रेक असं लिहू नका. एकाच उद्रेकात लाव्हाच्या अनेक जिभा एकमेकींवर चढतात, त्यांच्याही पायऱ्या दिसू शकतात. आणि एकाच जाड लोंढ्यातही फटींची रचना बदलली की कडा तुटून दोन वाटतात. खात्रीनं बोट ठेवायचं तर गेरूवर ठेवा. तिथं नक्की खंड पडला होता. बाकी पायऱ्यांबद्दल "थर" एवढंच म्हणा.

---

स्टुडिओकाका | 28 मे, दुपारी 12:15

ताई, तीस वर्षांत मी इतका देखणा नवरदेव काढला नाही. एकच खोट: उजव्या कोपऱ्यात विजेची तार आलीय. कापा.

---

वऱ्हाडी_ठेचा | 28 मे, दुपारी 12:40

भारीच. लोणारले पण या एकदा, माफ केलं तुमाले.

---

खडूफळा | 21 जून, संध्याकाळी 6:10

शाळा सुरू झाली. फोटो तीन फूट बाय दोन फूट छापून वर्गात लावला (तार कापली, काका). मागच्या बाकावरचा जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता म्हणेल, कळलं मॅडम. तो म्हणाला, "हे तर आमच्या विहिरीसारखंय."

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन घेऊन आला. दुपारी बारा-साडेबाराला विहिरीच्या काठावर पालथं पडून काढलेला फोटो. वडिलांनी मागून पाय धरून ठेवले होते, असं त्यानंच सांगितलं (वडिलांशी बोलले मी, पुन्हा असं नको म्हणून). फोटोत वर मुरूम, मग भोकाभोकाचा दगड, पांढऱ्या गारगोट्या चमकतायत, मग घट्ट काळा, आणि त्याच्याखाली हातभर जाड तांबडाभडक गेरू. माझ्या फोटोत ती एक रेघ आहे. त्याच्या फोटोत पहारीचे घावसुद्धा मोजता येतात. साधा फोन, सेटिंग काही नाही!

काका, हे कसं झालं? मी चार महिने वाट बघितली, लेन्स उसनी आणली.

---

स्टुडिओकाका | 21 जून, रात्री 8:30

पोरानं वेळ बरोबर साधली, कळत-नकळत. आपल्याकडं मे-जून-जुलैत दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या उत्तरार्धात एकेक दिवस तर असा येतो की काठीची सावलीच पडत नाही. तेव्हा ऊन विहिरीत सरळ खाली उतरतं आणि भिंतीला वरून खाली घासून जातं. तुमच्या कड्याला पहाटे डावीकडून लागलं, त्याच्या विहिरीला दुपारी वरून. घासणारं ऊन तेच. फक्त त्याला चाळीसगावला मुक्काम करावा लागला नाही.

---

विहीरवाला | 21 जून, रात्री 9:20

मी पहिल्याच दिवशी काय म्हनलो होतो बाई? विहिरीत डोकावा.

गेरू कितव्या फुटाला हाय इचारा त्याला. आणि त्याच्या बापाला सांगा, बोअर घ्यायचा इचार असंल तर गेरूपर्यंत केसिंग (भोकात बसवायचा पाइप) टाकल्याबिगर घेऊ नका.

---

खडूफळा | 22 जून, सकाळी 7:05

विचारलं. बेचाळीस फुटांवर.